बदलपान

रविवार, १४ जानेवारी २०२४

श्रीमंत सर अकरा वाजता घरी आले. ते वाचनालयाचे कार्यवाह, मी ग्रंथपाल. बारा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलतो ते बहुतेक पत्र्याच्या कपाटांबद्दल आणि अनुदानाच्या कागदांबद्दल. आज म्हणाले, दोघांनी मिळून एक पुस्तिका लिहू. जुनी पुस्तकं विकणाऱ्यांसाठी आणि जमवणाऱ्यांसाठी. हातातली प्रत कोणत्या वर्गातली, हे कसं ओळखायचं.

"माझा भाचा अमृत, तो नगरला जुनी पुस्तकं विकतो. त्याला आवृत्ती आणि मुद्रण यातला फरक सांगता येत नाही. गिऱ्हाइकालाही येत नाही. दोघं डोळे मिटून सौदा करतात."

मी म्हटलं, "प्रकाशकांना तरी कुठे येतो? नुसतं पुन्हा छापतात आणि दुसरी आवृत्ती म्हणतात."

"हेच लिहा. बाई, तुम्हाला जे येतं ते जिल्ह्यात कुणाला येत नाही."

हे वाक्य मी इथे लिहून ठेवलं, म्हणजे ते मला आवडलं. मार्चअखेर मी निवृत्त होणार. एकतीस वर्षं झाली. त्यानंतर सकाळी दहा वाजता काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

वर्ग पाडते आहे. पहिली आवृत्ती हा सोपा वर्ग वाटतो. तो सोपा नाही. जुने प्रकाशक अकराशे प्रतींचे फर्मे, म्हणजे घडीचे छापील कागद, छापत आणि बांधत मात्र तीनशे. बाकीचे फर्मे गठ्ठे करून माळ्यावर. चार वर्षांनी त्यांतले आणखी बांधले की वेष्टन नवं, किंमत नवी, कधी आत एक पान चिकटवून 'दुसरी आवृत्ती'. छपाई मात्र त्याच दिवसाची. मी लिहिलं: छपाई पहिली, बांधणी दुसरी. विक्रेत्याने दोन्ही सांगावं. न सांगणं ही लबाडी.

सरांनी 'लबाडी' खोडून 'त्रुटी' केलं.

भेटप्रतीची व्याख्या: जी आधी देणाऱ्याची होती ती. सर म्हणाले, हे वेगळं सांगायची काय गरज? मी म्हटलं, राहू द्या.

उदाहरणांसाठी त्यांना आमच्या वाचनालयातल्या पहिल्या आवृत्त्यांची यादी हवी होती. चार दिवस शिडीवर होते. एकेचाळीस निघाल्या. प्रत्येकीपुढे दाखल क्रमांक, साल, आणि प्रत किती चांगली राहिली आहे ते लाल पेन्सिलने. क्र. ११६३ पुढे दोन खुणा केल्या. छोटा कवितासंग्रह, १९४९. नोकरीच्या पहिल्या दुपारी मी तो उभ्याने वाचला होता. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "उभ्याने?"

शनिवार, ३० मार्च

निरोप झाला. शाल, नारळ, तीन भाषणं.

समारंभाआधी पाच मिनिटं सरांनी बाद यादी पुढे केली. चारशे बारा पुस्तकं. वाळवी, ओल, फाटकी. नव्या इमारतीत जागा कमी आहे. सरांनी दोन रविवार बसून ती तपासली होती. पुस्तक हातात घेतल्याशिवाय मी कधी बाद केलेलं नाही. पण बाहेर माइक सुरू झाला होता आणि माझं नाव घेत होते. सही केली.

मोनिकाला किल्ल्या दिल्या. ती सहा वर्षं माझ्या हाताखाली होती, आता ग्रंथपाल. मग तिला कपाटामागे नेऊन कानात आकडा सांगितला. आमचे संस्थापक पुस्तकाच्या नावाच्या पानावर शिक्का मारू देत नसत. ते पुस्तकाचं कपाळ, म्हणायचे. म्हणून आमचा शिक्का पुढच्या कोऱ्या पानावर, मागच्या कोऱ्या पानावर, आणि आत एका ठरलेल्या पानावर. कोरी पानं कुणीही फाडतो. आतलं पान कोणतं, ते फक्त ग्रंथपालाला माहीत. मला माझ्या आधीचे ग्रंथपाल अण्णांनी सांगितलं, मी मोनिकाला. वहीत लिहायचं नाही. इथेही लिहीत नाही.

मोनिका म्हणाली, "एवढंच, मॅडम?"

एवढंच.

रविवार, २१ जुलै

सर आणि मी अकोले तालुक्यात गेलो होतो. राजूरच्या रस्त्याला एका निवृत्त शिक्षकांचा संग्रह आहे, तो पाहायला. संग्रह साधारण. शिक्षक बोलके. त्यांनी आम्हाला नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि नवरा-बायको समजले. सरांनी दुरुस्ती केली नाही. मीही केली नाही.

परतताना जीपमध्ये सर म्हणाले, वाचनालयातून बाहेर पडलेली प्रत, असा एक वर्ग हवा. ती ओळखायची कशी?

"कोरी पानं बदललेली असतात. आणि आतला शिक्का."

"आपला कुठे असतो?"

"ते सांगायचं नसतं."

"मी कार्यवाह आहे, बाई."

"कार्यवाहालाही नाही."

बाहेर खाचरांत भाताची आवणी चालू होती. बायका गुडघाभर चिखलात, वाकलेल्या. सर खिडकीकडे वळून तिकडे पाहत राहिले. दुखावले असावेत. मीच म्हटलं, "सदतीस."

"काय?"

"पान सदतीस."

"मी विसरलो," सर म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

एक नियम मोडला. वाईट वाटायला हवं होतं. एखादी गोष्ट इतकी वर्षं एकटीने सांभाळली की ती कुणाला तरी द्यावीशी वाटते.

रविवार, १५ सप्टेंबर

गणपतीच्या मांडवातला भोंगा दिवसभर. खिडक्या लावून काम केलं.

सरांनी एक कथासंग्रह आणला, १९५६, पहिली आवृत्ती. अमृतच्या गिऱ्हाइकाने परत केलेला. एक पान वेगळं दिसतं, अशी तक्रार.

"बघा बरं, हे पान असं का असेल," सर म्हणाले आणि समोर बसून राहिले.

पान ३७–३८. आकडा पाहून मला हसू आलं. "आपलंच पान," सरही म्हणाले.

कागद किंचित जाड. रंग जवळपास तोच. सोळा पानांच्या फर्म्यात, एकाच कागदाच्या घडीतलं, याचं जोडपान ४३–४४. ते शिलाईत जागेवर आहे. ३७ मात्र मुळाशी कापून तिथे दुसरं पान खळीने चिकटवलेलं. कडेला निळसर झाक. खळीत मोरचूद असणार. कीड लागू नये म्हणून चांगले बाइंडर घालतात. आपला नगरचा रंगनाथही घालतो. माझ्याकडच्या नंतरच्या प्रतीशी मजकूर ताडून पाहिला. अक्षरन् अक्षर तेच.

पानावर बोट फिरवलं. शेजारच्या पानांना छपाईच्या खिळ्यांचा ठसा लागतो. याला लागत नाही.

"हे दुसरीकडे छापलंय, सर. लिथोवर असेल, त्यात ठसा उठत नाही."

"म्हणजे प्रत खराब?"

"उलट. छापून झाल्यावर प्रकाशकाला या पानात चूक दिसली. त्याने ते कापून नवं बसवलं. थोड्याच प्रतींत बसवलं असेल. अशी प्रत दुर्मिळ."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा तर नवा वर्ग झाला. याला नाव द्या."

मी म्हटलं, "बदलपान."

त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. खाली रेघ ओढली. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला उठले.

सोमवार, १६ सप्टेंबर

एका पानासाठी लिथो? खिळे जुळवून पान काढणं त्या काळी सोपं होतं. पण सरांना पटलं आहे, आणि मी लिहून दिलं आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बनुबाई माझ्याकडे भांडी घासते, मग सरांकडे जाते. पाडव्यानंतर तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले, दोन शेळ्या तिच्या गळ्यात घालून. सकाळपासून शेळ्यांवर वैतागलेली होती. मग सरांवर घसरली.

"तुमच्या सरांचं डोस्कं फिरलं का वो बाई?"

"का ग?"

"गच्चीवर पुस्तकं वाळत घातल्यात. कुरडया घालाव्या तशी. मी म्हन्लं, सर, राखन बसू का कावळं हाकाया? तर खेकसलं की माझ्यावर."

"वाळवी लागलेली असतील. त्यांना ऊन दाखवायचं असतं."

"वाळवीची कुटली! चांगली गुटगुटीत हायेत. बाळसं धरल्यागत."

बाद केलेली पुस्तकंही रद्दीत न घालता ऊन दाखवणारा माणूस. बनुबाईला हे काय सांगणार.

रविवार, ५ जानेवारी २०२५

नगरला प्रकाशन झालं. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे. कंडक्टर नगर, नगर असंच ओरडत होता.

पुस्तिका हातात घेतली. 'प्रत ओळखावी कशी'. मुखपृष्ठावर माझं नाव आधी, सरांचं नंतर. मला हे माहीत नव्हतं. मी अकारविल्हे लावा म्हटलं होतं, पण अकारविल्हेही प आधीच येतो, असं सर म्हणाले आणि लोक हसले. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं आहे: 'बदलपान हा वर्ग सर्वस्वी पुष्पावतीबाईंचा शोध आहे. त्याचं श्रेय मला घेता येणार नाही.' भाषणातही तेच सांगितलं. टाळ्या झाल्या.

नंतर बाजूला बोलावून त्यांनी मला एक पुस्तक दिलं. तोच कवितासंग्रह, १९४९. पुढच्या कोऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात: 'पुष्पावतीबाईंना, ज्यांनी मला पाहायला शिकवलं.'

"हा आपल्या वाचनालयातही आहे, सर."

"आता तुमच्या घरीही आहे. बसून वाचा."

त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

घरी येऊन त्याला खाकी कव्हर घातलं. उघडलं नाही. काही दिवस नुसतं असू द्यावं असं वाटतं.

रविवार, १९ जानेवारी

अमृतच्या दुकानाची यादी मोबाईलवर आली. वर लिहिलं आहे: 'प्रत ओळखावी कशी' या प्रमाणग्रंथानुसार वर्गीकृत.

सोळा पुस्तकं. अकरांपुढे 'बदलपान'. अतिदुर्मिळ. मी आनंदाने वाचायला घेतलं.

पृ. ३७. पृ. ३७. पृ. ३७.

अकरा पुस्तकं. सात प्रकाशक. पुणे, मुंबई, कोल्हापूर. सातही जणांना अकरा पुस्तकांत एकाच पानावर चूक सापडली.

बोटाला सप्टेंबरातच कळलं होतं.

सोमवार, २० जानेवारी

मोनिकाकडून दाखल नोंदवही मागून घेतली. ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गप्प करण्यात गुंतली होती. मी माझी एकेचाळीस क्रमांकांची यादी घेऊन बसले. अमृतच्या यादीतल्या अकराही पुस्तकांपुढे 'बाद'. मग उरलेली पाहिली. एकेचाळिसांपुढेही 'बाद'. दिनांक ३० मार्च. शेवटी माझी सही. सुरेख आली आहे. घाईची दिसत नाही.

कारण: वाळवी.

ती सगळी पुस्तकं मी फेब्रुवारीत हातात घेतली होती. त्यांच्यापुढे लाल पेन्सिलने मी 'उत्तम' लिहिलं होतं.

मोनिकाने विचारलं, "काही शोधताय का, मॅडम?"

"जुनी नोंद," मी म्हटलं.

दुपारभर विचार केला. अमृतने सरांना फसवलं. बाद पुस्तकं रद्दीत घालायला सरांनी त्याच्याकडे दिली असणार. त्याने चांगली वेचून काढली. सरांना हे माझ्याकडूनच कळायला हवं. उद्या जाते.

मंगळवार, २१ जानेवारी

गेले.

सर ओसरीवर पेपर वाचत होते. मी उभ्यानेच म्हटलं, "सर, अमृतने तुम्हाला फसवलं." आणि सगळं सांगितलं. यादी दाखवली. पुस्तकं आपली आहेत. आतलं पान बदलून विकतो आहे. आपल्या पुस्तिकेच्या आधाराने विकतो आहे.

त्यांनी पेपरची घडी केली. मग आणखी एक केली.

"कुणाला बोललात?"

"कुणालाच नाही. आधी तुम्हाला."

"बरं केलंत. बसा."

मी बसले. मला वाटलं, धक्का बसला आहे म्हणून आवाज असा शांत.

"ती पुस्तकं कोण वाचत होतं, बाई? शेवटची देवघेव कधीची आहे पाहिलंत? सत्याऐंशी, एक्क्याण्णव. नव्या इमारतीत पोरं त्यांच्यावर जेवणाचे डबे ठेवतील. ज्यांना हवी होती त्यांच्याकडे ती गेली. आपण त्यांना वाचवलं."

"आपण?"

त्यांनी पेपरची घडी बाजूला ठेवली.

मी म्हटलं, "मग मला सांगायचं."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

हे खरं होतं.

"आणि सदतीस?"

"ते तुम्हीच सांगितलंत." आरोप करत नव्हते. विद्यार्थ्याला, उत्तर पुस्तकातच आहे, असं सांगावं तसं. "बाद यादीवर सही तुमची आहे. वर्ग तुमचा, शब्द तुमचा. नावही माझ्या आधी तुमचं. मला तुमची काळजी वाटते, बाई. शांतपणे विचार करा."

बनुबाई चहा घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून आत गेली.

एक गोष्ट लिहायलाच हवी. मी तो चहा प्यायले. आणि कप ठेवताना म्हटलं, "चहा छान झालाय."

गुरुवार, २३ जानेवारी

काल काही केलं नाही.

आज नगरला रंगनाथकडे गेले. वाचनालयाची बांधणी तोच करतो, माझ्या आधीपासून. दुकानात खळीचा वास. कढईत निळसर, मोरचूद घातलेली.

"या बाई! पुस्तिकेची दुसरी खेप आनली का?"

मी यादी दाखवली. "ही पानं तुम्ही बसवलीत, रंगनाथ?"

"व्हय. एकेक करून समदी. पुडची-मागची कोरी पानं बी बदलली. का? निगाली का कुटं?"

"तुम्हाला हे काम कुणी सांगितलं?"

"तुमीच की." मग माझं तोंड पाहून थांबला. "म्हंजी, सर म्हन्ले, बाईंची यादी हाय. पान बी बाईंनीच नेमून दिलंय. मी म्हन्लं, बाईंचं काम डोळं झाकून करायचं."

"नवं पान कोण आणायचं?"

"अमृत. कंपूटरवर शिक्का पुसून छापून आनायचा. मी त्याला म्हन्लं, लेका, कागद जाड हाय, बाई वरडतील. तर फिदीफिदी हसला."

"आणि कापलेली पानं?"

"जाळा म्हन्ला. छापील कागद कोन जाळील, बाई? आमच्यात त्याला पाय बी लावत न्हाईत."

स्टुलावर चढून त्याने दाबयंत्राच्या वरच्या फळीवरून बासन काढलं. बांधणीच्या लाल कापडात गुंडाळलेलं. धूळ झटकून, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.

"पंचेचाळीस वर्सं बांधतोय. येकाच नंबरची येवडी पानं कदी बगितली न्हवती. म्हन्लं, बाईंचं काय तरी शास्त्र आसल."

शनिवार, २५ जानेवारी

पानं जमिनीवर मांडली. दाखल क्रमांकाने लावली. प्रत्येकावर आमचा गोल शिक्का, मध्ये शाईने क्रमांक. बहुतेक अण्णांच्या तिरक्या अक्षरात. सात माझ्या.

मग वाचली. एकामागून एक चाळीस सदतिसावी पानं. प्रत्येक अर्ध्या वाक्यात सुरू होतं आणि अर्ध्या वाक्यात संपतं. एक बाई स्टेशनावर कुणाची तरी वाट पाहते आहे. एक माणूस शेत पाहायला निघाला आहे. दोघं पहिल्यांदा एकमेकांना नाव विचारतात. सदतिसाव्या पानावर पुस्तकात अजून फारसं काही घडलेलं नसतं. माणसं नुकती ओळखीची होतात. विश्वास बसायला लागलेला असतो.

चाळीस. यादीत एकेचाळीस. पुन्हा मोजली. चाळीसच.

नसलेला क्रमांक ११६३.

तो शोधायला रंगनाथकडे जायची गरज नव्हती. उठले आणि फळीवरून खाकी कव्हरचं पुस्तक काढलं.

पुढचं कोरं पान नवं, त्यावर त्यांचं अक्षर. मागचं कोरं पान नवं. सदतिसावं पान जागेवर. शिलाईत, जोडपानासह. त्यावर शिक्का. अण्णांचं अक्षर: ११६३.

चाळीस पुस्तकांसाठी त्यांनी जुना कागद शोधायला लावला, शिक्के पुसवले, पानं छापवली. माझ्या पुस्तकासाठी तेवढीही तसदी घेतली नाही. त्यांचा अंदाज बरोबर होता. मी उघडून पाहणार नव्हते.

की हे एकच पुस्तक त्यांनी कापलं नाही? असाही विचार आला. तो लिहून ठेवते. पुढे नेत नाही.

संध्याकाळी अर्ज लिहिला. पहिलं वाक्य: बाद यादीवरची सही माझी आहे. दुसरं: गुप्त पानाचा आकडा मी सांगितला. सरांचं नाव तिसऱ्या वाक्यात आहे. बदलपान असा कोणताही वर्ग नाही, तो माझ्या चुकीने पुस्तिकेत आला, हे शेवटी.

सरांनी 'त्रुटी' केलेला शब्द मी अर्जात 'लबाडी' असाच लिहिला.

रविवार, २६ जानेवारी

आठ वाजता वाचनालयासमोर झेंडावंदन. दोरी सरांनी बांधली होती, ओढली अध्यक्ष तात्यांनी. तात्यांची दूध डेअरी आहे; वाचनालयात ते वर्षातून दोनदा येतात. राष्ट्रगीत झालं, जिलेबी वाटायला सुरुवात झाली, तेव्हा मी अर्ज तात्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याने वाचला. जिलेबीच्या पाकाची बोटं वर धरून, ओठ हलवत.

"बाई, ह्ये आजच द्यायचं हुतं का? आजच्या दिशी?"

"आजच."

"तुमच्या बी गळ्याशी येईल की ह्ये."

"येऊ द्या, तात्या."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. सर झेंड्याच्या खांबापाशी उरलेली दोरी गुंडाळत होते. आमच्याकडे पाहून गुंडाळतच राहिले. मग जिलेबीची पुडी घेऊन आले. माझ्या हातात लाल बासन होतं आणि त्यावर पुस्तक. कव्हर मी काढलं होतं. त्यांनी पुस्तक पाहिलं.

"ती भेट होती, बाई," ते हळू म्हणाले. तात्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू.

त्यांच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी चिरलं होतं. मला तेवढंच ऐकायचं होतं असं नाही. पण मी ऐकलं. जिलेबी घेतली नाही. आत गेले.

मोनिका टेबलाशी होती. तात्यांनी तिला पोच द्यायला सांगितली. मी बासन सोडलं आणि म्हटलं, "पानं चाळीस, पुस्तक एक."

तिने मान हलवली, पण लिहिलं नाही. पानं पुढे ओढली. एकेक उचलून उजेडाला धरलं, शिक्का पाहिला, क्रमांक नोंदवहीशी ताडला, बाजूला ठेवलं. चाळीस होईपर्यंत मी उभी होते. मग तिने पुस्तक घेतलं, सरळ सदतिसावं पान काढलं, आणि तिथला क्रमांकही ताडला. मीच शिकवलं होतं: पुस्तक कोण आणतंय ते बघायचं नाही, पुस्तक बघायचं.

पोच लिहायला घेतली. दिनांक. वर्णन. नग. जमा करणाऱ्याचं नाव, या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

वर न पाहता तिने विचारलं, "पूर्ण नाव काय, मॅडम?"